विश्वामित्रीचे पाणी आणि खालची गावे

बडोद्याचे नाव निघाले की आमच्या मराठी वाचकांच्या मनात श्रीमंत सयाजीराव महाराज येतात, लक्ष्मीविलास राजवाडा येतो, दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील जुनी मराठी घरे येतात. ज्या नदीच्या काठी हे सारे उभे राहिले, ती विश्वामित्री मात्र सहसा कोणाला आठवत नाही. तिची आठवण होते ती दोनच प्रसंगी: पूर आला म्हणजे, आणि पुराच्या पाण्याबरोबर एखादी मगर कोणाच्या अंगणात शिरली म्हणजे. एरवी पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो. अशा या नदीविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. नदी शहराच्या मधून वाहत असली तरी तिची कथा मुख्यतः शेतकऱ्यांची आहे. शहराच्या वर शेती आहे आणि शहराच्या खालीही शेती आहे. वरच्या शेतशिवारावर पडलेला पाऊस शहर पिते, आणि वापरून झालेले पाणी खालच्या शेतकऱ्याकडे धाडून देते. हा व्यवहार आजवर कोणत्याही वहीत नीट मांडला गेलेला नाही.

विश्वामित्री उगम पावते पावागढच्या डोंगरात. सपाट गुजरातच्या मैदानात एकाएकी उभा राहिलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून अधिक उंच आहे. त्याच्या पायथ्याशी चांपानेर नगरीचे अवशेष आहेत. इ. स. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने हा गड घेतला आणि पुढे ही नगरी आपली राजधानी केली. २००४ साली तिची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, ती तिथल्या मशिदींमुळे व तटबंदीमुळे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. आमच्या मते त्या नगरीतील तितकीच मोलाची वस्तू म्हणजे तिथले तलाव, टाकी आणि विहिरी. डोंगरावरून धावत येणारे पाणी टप्प्याटप्प्याने अडवून, गाळ खाली बसवून, मगच त्याला पुढे जाऊ द्यावयाचे, ही विद्या त्या लोकांस उत्तम अवगत होती.

तेथून नदी पश्चिमेकडे वळते. सूर्या आणि जांबुवा या तिच्या उपनद्या होत. बडोदे शहराच्या पोटातून वळणे घेत ती दक्षिणेस उतरते आणि करजण तालुक्यात पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते. ढाढरला देव नदीचे पाणी आधीच मिळालेले असते. मग हे एकत्र पाणी जंबुसर तालुक्यातून खंभातच्या आखातात जाते. नकाशावर पाहिले तर हा प्रवास काही फार मोठा नाही. परंतु एवढ्याशा अंतरात जमिनीची जात तीनदा बदलते, आणि पाण्याचा स्वभाव समजून घ्यावयाचा तर आधी मातीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. डोंगराच्या पायथ्याशी जमीन खडकाळ व मुरमाड, म्हणून पाणी थांबत नाही. मधल्या पट्ट्यात, वाघोडिया, सावली आणि बडोद्याच्या आसपास, तिकडे जिला ‘गोराडू’ म्हणतात ती भुसभुशीत, वाळूमिश्रित माती आहे. ती पाणी पिते आणि खोलवर साठवून ठेवते. या भागातील विहिरींना पाणी असते ते तिच्याच कृपेने. त्याच्याही खाली पादरा, करजण आणि जंबुसर या तालुक्यांत कापसाची काळी जमीन लागते. या प्रदेशाला ‘कानम’ असे जुने नाव आहे. काळी माती पहिल्या पावसात फुगते, तिच्या भेगा बुजतात, आणि मग वरचे पाणी वरच राहते.

बडोद्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एक साधा हिशोब सांगतो. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक कोटी लिटर होते. हे एक कोटी लिटर कोठे जाते यावर साऱ्या नदीचे भवितव्य अवलंबून असते. गवताळ बांधांच्या शेतात पडले तर त्यातील बराच भाग मुरतो, आणि दिवाळीनंतर हळूहळू झऱ्यांच्या वाटेने नदीला परत मिळतो. सिमेंटच्या अंगणात आणि डांबरी रस्त्यावर पडले तर घटकाभरात गटारात, आणि गटारातून नदीत. पाणी तेवढेच, पण पहिल्या रीतीने नदी आठ महिने वाहते, आणि दुसऱ्या रीतीने दोन दिवस पूर येऊन मग ती कोरडी पडते.

जुन्या बडोद्याला हे ठाऊक होते. राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे, ती पंधराव्या शतकाच्या आरंभीची. शेवासी गावची वाव १५४३ सालची. वाव म्हणजे आपल्याकडील पायऱ्यांची बारव. वावेत पाणी टिकते ते आजूबाजूच्या जमिनीत मुरलेल्या पावसावर. म्हणजे ज्या गावाने वाव बांधली त्या गावाला आपल्या शिवारातील तळी बुजवणे परवडणारे नव्हते. शहरात आणि भोवताली तलावांची माळ होती, आणि एका तलावाचे वाढलेले पाणी दुसऱ्यात व शेवटी नदीत नेणारे नैसर्गिक ओढे होते. त्यांस तेथे ‘कांस’ म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही त्यांपैकी काहींची नावे. नदीच्या दोन्ही काठांना घळी होत्या, त्यांस ‘कोतरे’ म्हणतात. पूर आला की पाणी या कोतरांत शिरे, विसावे, आणि ओसरताना परत येई. कोतरे पडीक दिसत, म्हणून त्यांत भराव घालून इमारती उठल्या. कांस गटारासारखी दिसे, म्हणून तिच्यावर फरशी टाकून रस्ता झाला. तलाव डासांचे आगर म्हणून बुजवले गेले.

आमच्या वसईच्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. त्यांच्या वाड्यांतील बावखले आठवावीत. घराच्या जोत्यासाठी माती काढली, त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठले, त्या पाण्यावर रहाट चालले, केळी आणि पानवेली पिकल्या, आणि शेजारच्या विहिरी गोड राहिल्या. पुढे १९८० च्या सुमारास टँकरवाल्यांनी त्या विहिरींतून दिवसरात्र पाणी उपसले, काही ठिकाणी विहिरींत खारे पाणी आले, आणि जागेचे भाव वाढले तशी बावखलेही एकामागून एक बुजत गेली. ज्या पिढीने बावखलात पोहण्याचा आनंद घेतला, तिच्यातल्याच काहींनी ती बुजवली. बडोद्यात तलावांचे झाले ते याहून निराळे नव्हे.

असो. १८९२ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आजवा येथील सरोवर पूर्ण झाले. शहराच्या पूर्वेस, विश्वामित्रीच्याच पाणलोटात, मातीचा लांबलचक बांध घालून पावसाचे पाणी साठवावे आणि उंचसखलतेच्या बळावर, म्हणजे इंजिनाने न उपसता, ते नळाने शहरात आणावे अशी ती योजना होती. वाव आणि तळ्यांच्या पाण्याने होणाऱ्या रोगराईला त्यामुळे पुष्कळसा आळा बसला. शे-सव्वाशे वर्षांनंतरही त्या सरोवराचे पाणी निमेटा येथे गाळून शहराला पाजले जाते, हे पाहिले म्हणजे त्या काळच्या दूरदृष्टीस मान लववावी लागते. पुढे शहर वाढले तेव्हा महीच्या वाळूत फाजलपूर, रायका, दोडका व पोईचा येथे ‘फ्रेंच विहिरी’ खणण्यात आल्या. या विहिरींची रचना मोठी कौतुकाची आहे. नदीच्या पात्रात खोल विहीर, आणि तिच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे आडव्या पसरलेल्या, छिद्रे असलेल्या नळ्या. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत नळ्यांत येते; वाळू हीच त्याची गाळणी. महीच्या वाळूवर जे शहर जगते त्या शहराच्या बांधकामांसाठी तीच वाळू उपसून न्यावी, यातली विसंगती आम्ही वाचकांवरच सोपवितो.

आता पुराकडे वळू. १९२७ च्या जुलै महिन्यात साऱ्या गुजरातेत अतिवृष्टी झाली, तीत बडोदेही बुडाले होते. म्हणजे पूर ही आजचीच आपत्ती आहे असे नव्हे. परंतु २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ असे अलीकडचे मोठे पूर पाहिले, तर ते एकमेकांच्या फार जवळ येऊ लागले आहेत हे उघड दिसते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. वर दिलेल्या हिशोबाने दर चौरस किलोमीटरला पन्नास कोटी लिटर! ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर विश्वामित्रीची पातळी पस्तीस फुटांच्या पलीकडे गेली. धोक्याची रेषा त्याहून कितीतरी फूट खाली होती. वरच्या पाणलोटातील पाऊस, बासष्ट दरवाज्यांच्या आजव्यातून वाहून आलेले पाणी, आणि शहरात पडलेले पाणी ही तिन्ही एकाच वेळी एका अरुंद पात्रात आली. लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस माळ्यावर बसून राहिले. दूध नाही, वीज नाही, प्यावयास पाणी नाही. चहूकडे पाणी आणि प्यावयास थेंब नाही, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्याला पाण्याच्या शुद्धतेविषयी वेगळे प्रवचन लागत नाही.

या पुरानंतर राज्य शासनाने मोठे काम हाती घेतले. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे चोवीस किलोमीटर पात्रातून गाळ काढला गेला व पात्र रुंद करण्यात आले. नागरिकांना त्यामुळे दिलासा वाटला, आणि तो स्वाभाविक आहे. तथापि एक प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. शहरातील पात्र रुंद झाले म्हणजे पाणी शहरातून लवकर बाहेर पडेल. परंतु बाहेर पडून ते जाईल कोठे? ते करजणकडे जाईल, पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळेल. तेथे देव धरणातून सोडलेले पाणी ढाढरच्या वाटेने आधीच आलेले असेल. पुढे खंभातचे आखात. त्या आखातातील भरती-ओहोटी साऱ्या हिंदुस्थानात सर्वांत मोठी. अमावास्या-पौर्णिमेला काही ठिकाणी पाणी दहा मीटरांच्या आसपास चढउतार करते. भरतीच्या वेळी समुद्र नदीपुढे दार लोटून उभा राहतो. मागून पाणी वेगाने येत आहे, पुढे दार बंद आहे, आणि भोवताली पाणी न मुरणारी काळी जमीन आहे. अशा वेळी कापूस आणि तूर किती दिवस पाण्यात उभी राहणार? कापसाच्या मुळांना हवा मिळाली नाही तर थोड्याच दिवसांत झाड मान टाकते. शहराचा पूर दूरचित्रवाणीवर दिसतो, शिवारातला पूर तलाठ्याच्या पंचनाम्यात दिसतो, तोही पाणी ओसरल्यावर. म्हणून आमचे मत असे की पात्र खणण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व वरच्या तलावांना, कांसांना आणि उरल्यासुरल्या कोतरांना द्यावयास हवे. पाणी पळवण्यापेक्षा थोपवणे खालच्या गावांच्या हिताचे आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २५ मे २०२१ च्या आपल्या निर्णयात विश्वामित्रीची हद्द आखणे, अतिक्रमण रोखणे आणि काठची झाडी राखणे यांवर भर दिला होता.

पूर हा चार दिवसांचा. उरलेल्या वर्षात नदीत काय वाहते? माघ-फाल्गुनात पुलावर उभे राहून पाहावे. महिनोन् महिने पाऊस नाही, तरी नदीत पाणी आहे आणि ते वाहत आहे. त्यातील पुष्कळसे पाणी नळाने घरोघर आले होते आणि मोऱ्यांतून व संडासांतून इथवर पोचले आहे. अटलादरा, तरसाली, गाजरावाडी अशा ठिकाणी सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत. परंतु सारेच सांडपाणी त्या केंद्रांपर्यंत पोचत नाही. कांसांच्या वाटेने ते परस्पर नदीत उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील दूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. तीत शहराखालील खलीपूर गावाजवळचा विश्वामित्रीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट, वर्गात होता.

हा वर्ग कसा ठरवतात हे थोडे समजून घेऊ. पाण्यात घाण पडली की सूक्ष्म जंतू ती खाऊ लागतात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठराविक दिवसांत एक लिटर पाण्यातील जंतूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागला हे प्रयोगशाळेत मोजतात. स्नानास योग्य पाण्यात हा आकडा तीनच्या आत असावा लागतो. पहिल्या वर्गात ज्या नद्या घातल्या त्यांत तो तीसच्या वर होता. अशा पाण्यात जंतूच सारा प्राणवायू फस्त करतात आणि माशांना श्वास घ्यावयास काही उरत नाही. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जंतू कामाला लागतात, आणि त्यांच्यापासून तो कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. पुलावरचा रुमाल त्या वासासाठी असतो.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. ‘नदीत मगरी आहेत, त्या अर्थी पाणी काही इतके वाईट नसावे,’ असे चांगली शिकलेली मंडळीही बोलताना आम्ही ऐकतो. मगरी आहेत हे खरेच. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत त्या चारशेहून अधिक भरल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी एवढ्या मगरी माणसांच्या शेजारी राहतात हे नवल जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळेल. परंतु मगर पाण्यातील प्राणवायूवर जगत नाही. ती आपल्यासारखी फुप्फुसाने हवा घेते. नाकपुड्या वर काढून ती गटारातही दिवस काढील. पाण्याची परीक्षा मगरीवरून करू नये, माशांवरून आणि शिंपल्यांवरून करावी.

खलीपूरच्या खाली गावे आहेत आणि त्या गावांत शेतकरी आहेत. उन्हाळ्यात शेजारून पाणी वाहते आहे, विहीर खोल गेली आहे, वांगी-भेंडीची रोपे सुकत आहेत. तो नदीवर इंजिन बसवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. सांडपाण्यात नत्र असते, म्हणून पीक हिरवेगार दिसते आणि खताचे पैसे वाचतात. पण त्याच पाण्यात हगवणीचे, विषमज्वराचे, काविळीचे जंतू असतात, जंतांची अंडी असतात. शेतकरी त्यात अनवाणी उभा राहतो, बायका त्याच हातांनी भाजी खुडतात. साबण-सोड्याचे क्षार हळूहळू मातीत साठतात, आणि काळी जमीन अशी की क्षार एकदा धरले की सोडत नाही. मग ती भाजी टोपलीत भरून पहाटे शहराच्या बाजारात येते. कोथिंबीर, मुळा, कोवळी काकडी हे आपण कच्चे खातो. शहराने जे मोरीतून सोडले ते ताटात परत आले! गृहिणींनी पालेभाजी स्वच्छ वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी, कच्ची खावयाची असेल तर विशेष, हे येथे ओघात सांगून ठेवतो.

सारा दोष शहराच्या माथी मारला तर ते न्यायाचे होणार नाही. वरच्या शिवारातही काही घडते. युरियाची पोती स्वस्त, म्हणून एकराला लागते त्याहून अधिक टाकली जातात. युरियाचे मातीत नायट्रेट होते. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. त्यामुळे पिकाने जे घेतले नाही ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीत येते. गोराडू जमिनीत तर झपाट्याने. जी माती पाणी भराभर पिते, ती त्यात विरघळलेले सारेही भराभर पिते. स्फुरदाचे तसे नाही. ते मातीच्या कणांना चिकटते, म्हणून ते नदीत जाते ते बांध फुटून माती वाहून गेली तरच. अर्थात युरिया दोन-तीन हप्त्यांत द्यावा आणि बांध धरून ठेवावा, या दोन गोष्टी केल्या तर शेतकऱ्याचे पैसेही वाचतात आणि विहीरही वाचते.

आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. मोठ्या माणसास थोडे जास्त झाले तर लगेच काही जाणवत नाही. परंतु सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. आणि येथे आमच्या माता-भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, नायट्रेट तर मुळीच हलत नाही. म्हणून ज्या विहिरीत नायट्रेट अधिक आढळले त्या विहिरीचे पाणी तान्ह्या मुलांसाठी वापरूच नये, दुसरीकडून आणावे. आईचे दूध मिळत असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

पादरा तालुक्याचे दुःख आणखी निराळे. १९६५ मध्ये कोयलीस तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, त्यामागून खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले, नंदेसरीला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. हजारो घरांत त्यामुळे चूल पेटली, त्यांत बाहेरगावाहून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. हे विसरून चालणार नाही. कारखान्यांचे सांडपाणी महीत जाऊ नये म्हणून सुमारे पंचावन्न किलोमीटर लांबीचा एक कालवा बांधण्यात आला. तो १९८३ पासून वाहत आहे. बडोद्याजवळून निघून तो पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जातो आणि सारोद गावाजवळ मही जेथे आखातास मिळते तेथे रिकामा होतो. कल्पना वाईट नव्हती. शुद्ध केलेलेच पाणी त्यात सोडावयाचे होते. परंतु इतका लांब कालवा शेतांमधून जातो, तेव्हा तो कोठे पाझरतो, कोठे कोणी त्यात नळी टाकतो, याचा पत्ता लागणे कठीण. पादरा तालुक्यातील काही गावांत विहिरींना आणि कूपनलिकांना रंगीत पाणी येते ही तक्रार कित्येक वर्षांची आहे. भूजल एकदा नासले म्हणजे नदीसारखे ते एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही. जमिनीखाली पाणी दिवसाला हातभरही सरकेल न सरकेल, म्हणून आज पडलेला डाग नातवाच्या काळापर्यंत राहू शकतो.

गुजरातेतील भूजलाच्या अशाच नासाडीवरून पर्यावरण सुरक्षा समितीने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने साऱ्या देशासाठी निर्णय दिला: ज्या कारखान्याची सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा प्रत्यक्ष चालू नसेल त्याला कारखाना चालवता येणार नाही. नोटिशीनंतर तीन महिन्यांची मुदत, मग वीज बंद. नगरपालिकांनाही सांडपाणी शुद्धीकरणासाठी तीन वर्षांची मुदत दिली गेली. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९७४ चा. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी न्यायालयास हे पुन्हा सांगावे लागले. यंत्रणा बसवणे निराळे आणि ती रात्री दोन वाजता चालू असणे निराळे, हे नदीकाठच्या माणसाला पक्के ठाऊक असते.

काय करता येईल असे विचाराल, तर नद्यांचे आणि कालव्यांचे काम शासनाचे आणि महापालिकेचे आहे, आणि ते त्यांच्याकडून मागून घेणे हे आपले. खलीपूर आणि पिंगळवाडा येथील पाण्याची तपासणी दर महिन्यास व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गुजराती भाषेत लिहिले जावेत, एवढी साधी मागणी जरी गावांनी एकमुखाने केली तरी पुष्कळ साधेल. स्वतःच्या विहिरीचे काम मात्र ज्याचे त्याने करावयाचे आहे. पाणी वर्षातून दोनदा तपासावे: एकदा वैशाखात, पाणी खोल गेलेले असताना, आणि एकदा पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी, ती विसळू नये, आणि भरल्यावर थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचती करावी. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जंतू एकही आढळता कामा नये. क्षार आणि नायट्रेट यांच्यासाठी साधी स्वच्छ बाटली चालते. ती त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी. हातपंप असल्यास आधी काही मिनिटे पाणी वाहू द्यावे.

पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल तर प्रथम ती उपसून गाळ काढावा, आणि नव्याने पाणी भरल्यावर विरंजक चूर्ण टाकावे. त्याचा हिशोब असा. विहिरीचा व्यास मीटरांत घेऊन त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून चाराने भागावे. आलेला आकडा हजारांत लिटर होय. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साडेबारा हजार लिटरांच्या वर भरते. दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम ताजे चूर्ण लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे तीस-बत्तीस ग्रॅम. चूर्ण बादलीत थोड्या पाण्यात कालवावे, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीच्या पाण्यात खोल बुडवून चार-सहा वेळा वरखाली करावी. एक तास थांबावे. हे काम रात्री, सर्वांचे पाणी भरून झाल्यावर करावे, म्हणजे पहाटे येणाऱ्यांचा खोळंबा होत नाही. चूर्णाचा डबा एकदा उघडल्यावर महिनोन् महिने फडताळात ठेवू नये. त्याचा जोर उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना.